दुसऱ्या पिढीची

फर्मागुडीचा चढ संपतो तिथं आमचं आवार.
त्या बुधवारी एकाच नावाच्या चार गाड्या उभ्या होत्या,
पहिली, दुसरी, तिसरी, चौथी,
इयत्तांसारख्या.

मी गाडी डोळ्यांनी बघत नाही.
दार लावतो आणि ऐकतो.
पहिल्या पिढीचं दार बिस्किटांच्या डब्यासारखं वाजतं,
पण खोटं बोलत नाही.
तिसरीचं 'धप्प' म्हणतं, महागड्या गाडीची नक्कल.
चौथीचं लागलं की नाही तेच कळत नाही,
समोरचा पडदा सांगतो.

मग गालिचा उचलून बोट फिरवायचं.
बोट नुसतं लाल झालं तर गाडी कुडचड्याची,
खाणीची धूळ, धुतली की गेली.
पापुद्रा हातात आला तर ती रोज फेरीबोटीत चढलेली.
भरतीला धक्क्यावर पाणी येतं,
त्यातून गाडी काढताना कुणी खाली वाकून बघत नाही.
आणि सीटच्या रुळांत वाळू सापडली
तर समजायचं, पाटी एकेकाळी काळी होती, अक्षरं पिवळी;
मीटर म्हणतो अठ्ठेचाळीस हजार,
क्लचचं पेडल म्हणतं, काय सांगतोस.

शेवंती तारी दिवाडीहून आली,
आरोग्य केंद्रातली रात्रपाळी संपवून, तशीच.
सोसायटीचं कर्ज मंजूर, तीन लाख.
मी माझं पाठ म्हणून दाखवलं:
पहिली अठरा देते, पण एसी लावला की चढावर रडते.
तिचे भाग मिनेझिसकडे मिळतात, तो फुंकर मारून देतो.
तिसरी बावीस देते, एअरबॅगा दोन, पत्रा पातळ.
चौथी नवीकोरी, एअरबॅगा सहा,
हप्ते सात वर्षं.
दुसरीबद्दल मी घाईनंच बोललो.

तिनं ऐकून घेतलं.
मग पिशवीतून एक काठी काढली,
वेताची, खाली रबराचं बूट,
मध्ये पांढऱ्या चिकटपट्टीची खूण.
"आईची," म्हणाली.
"आठवड्यातून दोनदा बांबोळीला न्यायची असते, डायलिसिसला.
तिचा गुडघा इथवर वाकतो. याच्या खाली नाही."

चारी गाड्यांची मागची दारं तिनं उघडली,
प्रत्येक सीटला काठी लावली.
चौथीची सीट खुणेच्या चार बोटं खाली.
तिसरीचं छत मागं उतरत जातं, दिसायला झोकदार,
म्हातारीचं डोकं आपटेल.
पहिलीची उंची बरोबर, पण दार अरुंद,
वळून बसायला जागा नाही.
दुसरीत चिकटपट्टी आणि सीटची कड
एका रेषेत आली.

बावीस वर्षं मी फॉर्म भरतोय,
एकशे चाळीस रकाने,
टायरची नक्षी मिलिमीटरमध्ये लिहितो.
गुडघ्याचा रकाना त्यात नाही.

आता सांगणं भाग होतं.
पापुद्रा तिचाच होता, दुसरीचा,
सकाळीच माझ्या बोटांत आलेला.
"बाय, ही खालून खाल्लेली आहे," मी म्हटलं.
"इंजिन देखणं, पण तळ गेलाय.
तुमच्यासारखी रोज फेरीत घातली
तर पाच वर्षं. त्यापुढं मी बोलणार नाही."

तिनं काठी पिशवीत घातली,
टोक बाहेर राहिलं.
बराच वेळ रस्त्यावरच्या बसकडे बघत होती,
ती थांबली, माणसं उतरली, ती गेली.

"पाच पुरे," म्हणाली.

मी किमतीत पंधरा हजार सोडले,
तेवढंच माझ्या हातात होतं.
आणि रविवारी, आवार बंद असताना,
झुझेला वेल्डिंगचं मशीन घेऊन बोलावलं.
तळाला दोन ठिगळं, वर डांबरी रंगाचे तीन हात.

सोमवारी शेठनं वाकून पाहिलं, वास घेतला.
"हे कुठल्या खात्यात लिहू?"

मी म्हटलं, लिहू नका सध्या.
पाचाची सहा झाली तर बघू.