चारच द्या

मिरजेच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीमागे
मी एकतीस वर्षं उभा होतो.
खिडकी बुटकी. माणसांना वाकूनच बोलावं लागे
आणि मला दिसायचे ते फक्त हात.
बेडगच्या कुणाचा, द्राक्षबागेच्या मोरचुदानं निळसर झालेला,
अथणीच्या बाईचा, हिरव्या काचेनं मनगटापर्यंत भरलेला.
"धा लिवल्यात, पण चारच द्या."
"नाल्कु कोडरी, सायेबा."
मी कात्रीनं पट्टी कापायचो, चार इकडं, सहा तिकडं.
वर बघत नव्हतो.
वर बघितलं तर रांग खोळंबते,
असं तेव्हा स्वतःला सांगायचो.

आता पेन्शन दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर.
राजमतीच्या काळजात दोन स्प्रिंगा बसवल्या,
तेव्हा कार्ड चाललं, एक रुपया लागला नाही.
कार्डवाल्या पोरीनं नीट समजावून सांगितलं,
ॲडमिट असाल तोवर सगळं मोफत, आजोबा,
घरी गेल्यावरच्या गोळ्या तेवढ्या तुमच्या तुम्ही.
म्हणजे मरायला टेकलो तर सरकार,
आणि जगायचं ते पदरच्या पैशानं.
मी बरं म्हटलं. तिचा काय दोष.

चातुर्मास लागला तशी राजमती बस्तीतून आली
ती नेम घेऊनच.
दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही,
रात्रीची गोळी चार महिने बंद.
नेमाला आमच्या घरात कुणी आडवं येत नाही.
मीही गप्प बसलो.
पण पट्ट्या मोजायची खोड बोटांतनं जात नाही.

रात्रीची म्हणजे रक्त पातळ ठेवणारी.
सकाळी एक, रात्री एक, नगाला बत्तीस रुपये.
पित्ताची दीड रुपयाची गोळीही रात्रीचीच.
ती मात्र राजमती उजेड असतानाच घेऊन टाकते,
न चुकता.
दीड रुपयाला सूर्य थांबतो,
बत्तीसला का थांबत नाही,
हे मी विचारलं नाही.
डबा होता तसा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सिटी बसनं विश्रामबागेत उतरलो.
डॉक्टर मुजावरांकडं नंबर सतरावा.
आत गेलो, चिठ्ठी सरकवली,
आणि घसा खाकरला तरी शब्द बाहेर पडेना.
टेबल काही बुटकं नव्हतं,
तरी मी वाकलो.
"डॉक्टर, ह्यातल्या... ही परवडत नाही."

त्यांनी वर बघितलं.
"वर्ष झालं की हो, मगदूम. आता साधी चालेल.
दिवसाला एकच, साडेचार रुपयांची.
पण मधे मनानं बंद नव्हती ना केली?"
मी खरं ते सांगितलं.
ते थोडे रागावले, मग म्हणाले,
"तुम्ही कंपाउंडर ना? तुम्ही तरी बोलायचं."

कंपाउंडर. म्हणून तर बोललो नव्हतो.

घरी येऊन एक जुनी तपकिरी बाटली धुतली, वाळवली.
पूर्वी मिक्स्चरच्या बाटलीला डोसाचा कागद लावायचो,
खाचा पाडून, खळीनं चिकटवून,
तशी पट्टी कापली. हात जरा थरथरला.
वळणदार लिहिलं:
एक गोळी. सूर्यास्तापूर्वी.

राजमतीनं चष्मा लावून वाचलं.
पुन्हा एकदा वाचलं.
"नेमात बसतंय," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता,
"कितीला पडली?"
मी आकडा सांगितला.
ढगांनी सूर्य दिसतच नव्हता,
म्हणून तिनं कॅलेंडरवरची वेळ बघितली, सहा छप्पन्न.
अजून अकरा मिनिटं होती.
तिनं तांब्या जवळ ओढला.

दवाखान्यातल्या त्या खिडकीत आता कुणी कोवळा पोरगा असतो म्हणे.
एकदा जाऊन त्याला काहीतरी सांगायचंय.
काय सांगायचं ते अजून जुळत नाही.
खिडकी जरा वर घ्या, एवढंच बहुतेक.