हनुवटीवरची तार

अठ्ठावीस वर्षं निपाणीच्या वखारीत
आदगोंडा पान नाकाशी नेऊन सांगायचा:
हे काळ्या रानातलं,
ह्याला दव जास्त बसलंय,
ह्याची शीर आतनं कुजतीय.
व्यापारी मान हलवायचे. भाव ठरायचा.

दिवसा तो मराठीत भांडतो, मराठीत आणे-पै मोजतो.
रात्री साडेतीनला मात्र
आईच्या भाषेत ओरडतो: बिडु! बिडु!
सोड, सोड. एवढं मला कळतं.
मी कागलची, पुढचं कळत नाही.
कुणाचा तरी बैल पिकात शिरलेला असावा.
लाथ बैलाला, लागते माझ्या पोटरीला.

सकाळी चहात खारी बुडवत विचारतो,
दंडाला काय झालं गं, मोरीत पडलीस?
व्हय, म्हणते मी.

जावेनं देवरुषी सुचवला.
चंपा हुबळीला नर्स आहे, तिनं फोनवर विचारलं:
आई, अप्पांना वास येतो का गं?
काय पण प्रश्न!
तंबाखू पारखणाऱ्याच्या घरात.

बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटपाशी,
जिन्याला कठडा नसलेल्या इमारतीत
झोप तपासतात म्हणे.
फॉर्म कन्नडमधला. त्यानं वाचला, मी सही केली.
बसवंत नावाच्या पोरानं डोक्याला तारा चिकटवल्या,
डोळ्यांच्या कडेला, पोटऱ्यांना,
आणि एक हनुवटीला.
हनुवटीला कशाला रे?
आजी, स्वप्न पडताना अंगाला आतनं कडी लागते.
हनुवटीपण सैल पडते.
आजोबांची कडी लागतीय का, ते बघायचं.

काचेबाहेर बसून मी रात्र पाहिली.
डोळ्यांच्या रेघा पळत होत्या.
सगळ्यात खालची सरळ हवी होती,
ती गव्हाच्या ओंबीगत कुसळांनी भरलेली.
मी काही शिकलेली नाही,
पण सरळ आणि वाकडं
विड्या वळणारीला कळतं.

हलगेकर डॉक्टरीणबाई हळू बोलल्या.
वेड नाही हे, बाहेरचं तर नाहीच.
दहा वर्षांनी हात थरथरेल कदाचित.
कदाचित पंधरा. कदाचित नाहीच.
मानेवरचं तिळाएवढं कातडं काढून पाठवता येतं,
त्यात एक प्रथिन साचलंय का, बघतात.
साचलं असलं तर?
तर कळेल.
कळून?
बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.
थांबवणारं औषध अजून नाही.
पण अशा माणसांची यादी करतोय आम्ही.
निघेल तेव्हा आधी त्यांना.

याद्या मी पुष्कळ बघितल्यात.
आमच्याकडं नाव यादीत असलं तरी धाकधूक,
नसलं तरी.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईतो तो गप्प.
मग खिडकीकडं तोंड करून म्हणाला,
आठ वर्षं झाली.
कशाला?
वास जाऊन.
नाकाशी न्यायचो आपला, सवयीनं.
पान बोटांत चुरलं की आवाजावरनं कळायचं,
उरलेलं व्यापाऱ्याच्या तोंडावरनं.
एकदाबी चुकलो नाही बघ.

आठ वर्षांमागं दूध करपलं होतं.
घरभर धूर, आणि हा चुलीपाशी पेपर वाचत बसलेला.
मी काय काय बोलले त्याला त्या दिवशी!
पुराव्यावरच बोलत होते,
ठाऊक नव्हतं.

कातड्याचं त्यानं अजून ठरवलेलं नाही.
बघू, म्हणतो. वखारीत जातो. पान नाकाशी नेतो.

मी खाट काढली, जमिनीवर अंथरलं,
पितळी तांब्या उशापासनं लांब ठेवला.
बांगड्या रात्री काढून ठेवते.
शेजारच्या गंगव्वाला विचारून ठेवलंय,
सोडलंय, हे तुमच्यात कसं म्हणतात?

साडेतीनला तो ओरडतो: बिडु!
अंधारात मी म्हणते, बिट्टीनि, बिट्टीनि.
मूठ खाली येते कधी.
कधी नाही येत.