चौथा ट्रे

गावडोंगरीच्या रोपवाटिकेत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
बाहव्याच्या शेंगा कोयत्याच्या पाठीनं फोडतो आम्ही.
आत नाण्यांची चळत लावावी तशा चकत्या,
चकतीगणिक एक बी
आणि काकवीसारखा काळा गर. त्याचा वास
जेवणाच्या डब्यापर्यंत येतो.

बी चपटी, तपकिरी, चकचकीत.
पाण्यात टाकली तर आठ दिवसांनी
तशीच बाहेर येते,
पाण्याशी ओळख न दाखवता.

पणजीहून पत्र आलं: उगवण वाढवा.
सोबत गंधकाम्लाची बाटली, चार ट्रेंचा तक्ता,
आणि रबरी हातमोजे,
दोन्ही डाव्या हाताचे.

पहिला ट्रे: आम्लात वीस मिनिटं.
बरणीत लाकडी काठी फिरवत
मी घड्याळाकडे बघत होतो, श्वास जरा लांब धरून.
मग सात पाण्यांनी धुतल्या.
दुसरा: उकळतं पाणी ओतायचं,
रात्रभर त्यातच निवू द्यायचं.

तिसरा मोगीबाय वेळिपिणीचा.
तिनं कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला,
नवऱ्याचा. तो गेल्यापासून त्यानं सुपारी कातरली नव्हती.
बीचा डोळा अंगठ्याखाली झाकायचा
आणि उलट्या टोकाची कड,
नखाच्या पांढऱ्याएवढी,
टक्.
शंभर वेळा टक्.
हाताला रग लागेल, मी म्हटलं.
ती म्हणाली, "दार मोडचें न्हय रे,
फकत कडी काडची."

चौथ्या ट्रेला काहीच करायचं नव्हतं.
तक्त्यात त्याच्यासमोर लिहिलं होतं: जसं आहे तसं.

एकविसाव्या दिवशी मोजणी.
आम्ल एकाहत्तर.
उकळतं पाणी एकोणचाळीस.
अडकित्ता अठ्ठ्याऐंशी. कोंब दोनदा मोजले,
दुसऱ्यांदा एक जास्त भरला.
चौथा: चार.

अहवाल गेला, शेरा आला:
तिसऱ्या पद्धतीला मजुरी फार. आम्ल चालू ठेवा.
चौथा ट्रे मी उकिरड्यावर उपडा करणार होतो,
मोगीबायनं तो हातातून घेतला,
पंपाच्या खोलीमागे, गळक्या नळाखाली ठेवला.
मी विसरलो.

त्या वर्षीची सगळी रोपं
एकाच डोंगरावर लागली, ओळीत, पाट्यांसकट.
पुढच्या मार्चमध्ये तो डोंगर पाच दिवस जळला.
आम्ही हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होतो;
पाट्या पत्र्याच्या, तेवढ्या उरल्या.

जुलैत पंप बिघडला म्हणून मागे गेलो,
तर ट्रेमध्ये नऊ.
शेवाळातून मान वर काढलेले,
एकाच्या डोक्यावर अजून बीची टोपी.
मोगीबायला हाक मारली. ती आली,
नवल वाटल्याचं काही दाखवलं नाही.
"सगळ्यांनी एकाच वर्सा उठल्यार," ती म्हणाली,
"फाल्यां कोण उठतलो?"

तक्त्यात एकविसाव्या दिवसानंतर रकाना नाही.
मी पेन्सिलीनं एक आखला आहे, वाकडा,
वहीच्या शिवणीपर्यंत गेलेला.
परवा त्यात लिहिलं: आणखी एक.
तारीख घालायची राहिली.