कोरा खिळा

दरभंग्यात, बागमतीच्या अलीकडे,
पत्र्याच्या छपराखाली मी एकतीस वर्षं खिळे जुळवले.
लग्नपत्रिका, श्राद्धाच्या चिठ्ठ्या, मासळीच्या लिलावाची हँडबिलं.
मला उलटंच वाचता येतं.
सुलटं वाचायला अजून क्षणभर लागतो.

पंडित भोगनाथ झा माघात आले,
काखेत हस्तलिखित, तीनशे चौदा पानं,
सगळी एकाच गोष्टीबद्दल: की दुसरी गोष्ट नाहीच.
मी काही बोललो नाही. दर पानाला किती, तेवढं ठरवलं.

अद्वैत.
अ. द्व. वरची मात्रा. त.
दोन नाहीत एवढं सांगायला
माझ्या बोटांना चार फेऱ्या पडल्या.

अकराव्या पानावर 'न'चं घर रिकामं झालं.
हे नाही, ते नाही, तेही नाही;
पानभर नकार, आणि माझ्याकडचे न संपलेले.
नदीपलीकडच्या छापखान्यातून रुमालभर उसने आणले,
ते दुसऱ्या ओतशाळेचे, पोटाशी जरा सुटलेले.
प्रूफ पाहून पंडित कळवळले,
"जुगेसर, एका ओळीत दोन जातींचे न!"
"नकारच ना, मालिक? जातीनं काय होतंय?"
ते हसले नाहीत.
पण लाल पेन्सिल खाली ठेवली.

एका रात्री वीज गेली आणि मी थांबलो नाही.
बोटांना घरं पाठ होती.
मध्येच कधीतरी
बोट कुठलं, खिळा कुठला, सांगता आलं नसतं.
सांगणाराही
हे वाक्य मी पाच वेळा मोडलंय.
'मी नव्हतो' म्हणायला मी लागतो.
'शांत होतं' म्हणावं, तर कशाहून शांत?
वीज आली तेव्हा सतरा ओळी जुळल्या होत्या, एक चूक नाही.

घरी सुगिया भात झाकून बसलेली.
"उशीर का?"
"काही नाही."
"काय झालं?"
"काही नाही."
दुसऱ्या वेळी तिनं मान वर करून पाहिलं.

फाल्गुन सरताना पंडित शेवटच्या पानावर रेघ मारून आले.
"ही ओळ काढ. खोटी नाही, पण बोलते फार."
"तिच्या जागी?"
"काही नको."
तेव्हा मला सांगावं लागलं, 'काही नको'लाही शिसं लागतं.
मोकळी जागा तशीच सोडली तर पान ढासळतं.
ती भरायची खिळ्यानंच, त्याच भट्टीतल्या,
फक्त उंचीला थोडा कमी.
शाई वरून निघून जाते.
"दाखव."
मी एक कोरा खिळा त्यांच्या तळहातावर सोडला,
वरून, हाताला हात लागणार नाही असा. सवय.
त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला.
"हा प्रत्येक दोन शब्दांमध्ये असतो?"
"नसता तर वाचता आलं नसतं."
"चाळीस वर्षं वाचतोय. दिसला नाही कधी."
"छापून येत नाही ना."
मग त्यांनी माझं मनगट धरलं, शाईसकट,
आणि तो माझ्या मुठीत परत दिला.
मनगट जरा उशिरा सोडलं.

पुस्तक निघालं. तीनशे प्रती, निम्म्या माळ्यावर.
वाळवी सगळं वाचते.
मी खिळे सोडवून घरोघर परत टाकले.
'द्व' गेला एका लग्नपत्रिकेत, 'द्वारा' म्हणून.
उसने न पलीकडे पोचवले, चार कमी भरले,
त्याचे पैसे दिले.

शेवटच्या पानावर माझी एक चूक राहिली.
बांधणी सैल पडून एक कोरा खिळा वर सरकला
आणि काही नको होतं तिथे
एक लहानसा काळा चौकोन उमटला.
अक्षर नाही. विराम नाही. डाग म्हणा.
मी पंडितांपुढे प्रत ठेवली, लाल पेन्सिलही ठेवली.
त्यांनी तो बराच वेळ पाहिला
आणि पुढचं पान उलटलं,
जे नव्हतं.