हंगामाआधी

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
उईके मॅडमनं काचेखालून सरकवला
एक चौपानी कागद, छपाई पुसट.
"परवाना देते, पण हे वाचून या.
सही करणारे पुष्कळ येतात इथं."

मी तर वाचणाराच माणूस.
एकतीस वर्षं रेल्वे डाकेत,
रात्रीच्या डब्यात, हलत्या दिव्याखाली
लोकांची अक्षरं खणाखणांत लावली.
कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा.
पत्ता चुकला की शिक्का: प्रेषकास परत.
निवृत्तीनंतर इतवारीतून गळ आणला,
रीळ आणलं, आणि बायकोचे टोमणे.

सदरहू जलाशयात प्रजननकाळी मासेमारी निषिद्ध.
एका परवान्यावर एकच गळ.
सूर्यास्तानंतर काठावर थांबू नये.
विष, वीज, सुरुंग: थेट गुन्हा.
इथवर समजलं.
कलम सातपाशी चष्मा पुसला:
पंचवीस सेंटिमीटरखालील मासळी आढळल्यास
तत्काळ पाण्यात सोडावी.

आढळल्यास! जणू ती रस्त्यात भेटणार,
रामराम घालणार.
आणि लांबी म्हणजे कुठून कुठवर?
फोन लावला. मॅडम हसल्या नाहीत,
ते बरं वाटलं.
"तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत.
शेपटीची टोकं धरायची नाहीत."
नातीच्या कंपासपेटीतली पट्टी पंधराचीच निघाली.
शिंप्याचा टेप घेतला मग.

रिंगरोडपलीकडे, तलावाच्या पाळीवर
पार्बताबाई दुधपचारे जाळं विणत बसलेली.
सोसायटीच्या पहिल्या बायांपैकी, म्हणे.
जाळ्याच्या घरात तिनं दोन बोटं घातली, फिरवली,
"इतकं पायजे. लहान घर ठेवलं
तं पुढच्या साली काय, पाणी विकाचं?"
मी तिला कागद वाचून दाखवला, सगळा,
कंसांसकट.
ती मध्ये मध्ये "हाव" म्हणत होती,
जशी कुणी आपल्याच घरातल्या भांड्यांची
यादी ऐकावी.

कलम सात आलं तशी थांबली.
"सोडाचं, हे लिवलं. कसं सोडाचं, ते?"
मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी.
"हात ओला कर आधी, बाप्पा.
कोरडा हात म्हंजे मासोळीले विस्तव.
अंगावरची बुळबुळ गेली का
वरून दिसते जिती, दोन दिसांत पांढरी होते.
फेकाची नाही. पाण्यात धराची.
तिची ती जाईन."

मला डब्यातली एक रात्र आठवली.
घाईत, गाडी सुटता सुटता,
एक पोस्टकार्ड मी परत मारलं होतं.
गाव बरोबर होतं, तालुका तेवढा चुकलेला.
जरा थांबलो असतो तर पोचलं असतं.
नियमात बसत होतं म्हणून
शिक्का उचलला तो.
मजकूर नव्हता वाचायचा, तरी वाचला गेला:
"आई विचारते, केव्हा येतोस."

कागदाच्या कोऱ्या बाजूवर
मी पेन्सिलीनं लिहिलं: हात ओला.
पार्बताबाईनं विचारलं, काय लिवलं?
सांगितलं.
"आता बरोबर झाला कायदा," ती म्हणाली,
आणि सुतळीचं टोक दातांनी तोडलं.

उद्या हंगाम उघडतो.
आज गच्चीवर बादली भरून ठेवली आहे.
बादलीत एक कारलं सोडलं,
मोजलं: साडेअठरा.
हात बुडवले, कारलं तळव्यावर घेतलं,
धरून ठेवलं, कुठंही न जाणारं.
खालून बायको ओरडली,
"भाजीत घालायचं आहे ते!"

मी म्हटलं, नियमात बसत नाही.