दुसरी किल्ली

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या फरशा पुसल्या,
बाळंतिणींच्या खाटेखालचं, अपघातवाल्यांचं,
अन् रिटायर झाली त्या दिवशी
बादली उपडी घालून तिच्यावर बसली, चहा प्याली,
म्हटलं, आता दुसऱ्याची घाण नाही.

ग्रॅच्युइटीतून मागं दोन खोल्या काढल्या,
घाटंजीच्या रस्त्याले, जिनिंगच्या समोर.
भिंती आकाशी. मोरीच्या पांढऱ्या टाईल्स
यवतमाळवरून एसटीत मांडीवर धरून आणल्या.

दिवाळीनंतर आले रुपेश डंभारे अन् प्रणिता.
तो गठाणीवर, ती कापसातला कचरा वेचाले.
"काकू, दोघंच तं आहो. किती घाण होईन?"
डिपॉझिट मोजून घेतलं, तीन हजार.
नळाची वेळ सांगितली.
दुसरी किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली.

संक्रांतीपर्यंत आकाश संपलं.
खाटेजवळच्या भिंतीले खर्ऱ्याचा लाल ओघळ,
घोटून घोटून चुरगळलेल्या पन्न्या
वाऱ्यानं माह्या तुळशीपाशी येत.
मोरीत शितं, सांबाराच्या काळ्या पडलेल्या काड्या,
अन् सगळ्यावर रुई,
पंख्यावर रुई, ताटलीवर रुई,
कॅलेंडरातल्या देवालेही मिशा.

सांगून पाह्यलं.
"होते ना काकू, ऐतवारी करतो."
ऐतवारी दोघं दुपारपर्यंत मेल्यासारखे झोपत,
दार सताड उघडं.
शेजारच्या विमलशी मोठ्यानं बोलून पाह्यलं,
भिंतीपल्याड ऐकू जाईन असं.
मग दोन दिवस त्यायचा नळ बंद केला.
घाण दुप्पट झाली.

मार्चात, ते पाळीवर गेल्यावर,
तांदळात हात घातला.
चार तास. ॲसिड, काथ्या, जुनं ब्लेड.
कूलरच्या टाकीत अळ्या नाचत होत्या, त्या मातीत ओतल्या.
भिंत खरवडली तं लाल निघालं, आकाशीही निघालं.
कंबर वाकली तशी मी जुन्या वॉर्डातच पोचली,
हात आपोआप चालत होते,
अन् खोटं कायले बोलू, बरं वाटत होतं.
खाटेखाली सापडली फिनाईलची बाटली, सील न तोडलेली,
नवी झाडणी, दुकानाच्या सुतळीत बांधलेली.
ती तशीच परत ठेवली.

रात्री प्रणिता दारात उभी. केसात रुई,
चपला हातात; आत पाय टाकू की नको असं पाहून रायली.
मी वाट पाहत होती, काही म्हणन.
"माहा गाऊन कुठं ठेवला?"
"धुतला. वायत घातला."
ती बराच वेळ फरशी पाहत रायली.
"आमचं होतं ते, काकू.
भाडं देतो ना आम्ही."

ओरडली नाही. ओरडली असती तं मी भांडली असती.
मले वाटे, भाडं म्हणजे छपराचे पैसे,
लाईटचे, पाण्याचे.
त्यात हेही येते का, आपला पसारा आपला असणं?
वॉर्डात असं कोणी म्हटलं नाही कधी.
तिथं घाण कोणाचीच नसे,
म्हणून माही.

मे महिन्यात जिनिंग बंद झाली, ते गेले.
रंगाचे आठशे कापले.
प्रणितानं पैसे दोनदा मोजले, पदरात बांधले,
अन् निघताना उंबऱ्यावरची एक पन्नी
उचलून पिशवीत टाकली.
मले दाखवाले की सवयीनं, माहीत नाही.

आता कृषी केंद्रातला एक पोट्टा आला.
म्हटलं, खर्रा खातो?
तो नाही म्हणाला, लालभडक दात दाखवत.
कोपऱ्यात रेतीचा डबा ठेवून दिला, काही बोलली नाही.
किल्ल्या दिल्या.
"दोन काऊन, काकू?"
म्हटलं, एक हरवते.