वाळवंटातली होडी

पाराचिकेत घरांना छप्पर असतं ते उन्हासाठी.
बोरूच्या चटया, वर मातीचा हात.
पाऊस कुणी हिशेबात धरलेला नाही.
समोरून दक्षिणेचं गार पाणी वाहत असतं बारमाही,
आणि त्या गारठ्यावर ढगाला बाळसं धरत नाही.
धुकं येतं, दाढी ओली करून जातं, इतकंच.
बदल्यात मासळी: बोटाएवढी आंचोवेता,
जाळं ओढताना खांदे निखळतील इतकी.

डिसेंबरात तेओदोमिरो एचेनं पाय धुवायला समुद्रात घातला
आणि काढून घेतला.
घरी येऊन म्हणाला, "कोमट आहे."
फ्लोरमिरा काही बोलली नाही.
खाटेखालची पत्र्याची पेटी तिनं उचलून टेबलावर ठेवली.

मग मासळी खोल गेली, का आणखी दक्षिणेला, कुणास ठाऊक.
पेलिकन चालत बाजारात आले,
उधारी मागायला आल्यासारखे दुकानांपुढे उभे राहिले.
वारा पडला होता.
रेडिओवरची बाई सांगत होती, हाच वारा
तापलेलं पाणी पश्चिमेला लोटून धरतो,
दाराला पाठ लावून बसलेल्या माणसासारखा.
तो उठला की झालं.

फेब्रुवारीत सतरा दिवस पाऊस.
चटया कुजल्या, मातीच्या भिंती
चहातल्या बिस्किटासारख्या खाली बसल्या.
शाळेतला नकाशा भिजला,
त्यातला निळा रंग फुटून देशभर पसरला.

आणि मागे, जिथे शेळ्याही तोंड घालत नसत,
त्या सेचुराच्या वाळूत तळं झालं.
तळं कसलं, पलीकडचा काठ दिसेना.
नदीबरोबर आलेली लिसा त्यात उड्या मारत होती.

तेओदोमिरोनं होडी ट्रकवर चढवली
आणि समुद्राकडे पाठ करून निघाला.

अल्गारोबोची झाडं, आपल्या शमीची भाऊबंद,
गळ्यापर्यंत बुडालेली.
त्यांच्या शेंड्यांना वल्हं घासतं.
खाली कुठेतरी जुन्या टायरांच्या खुणा असतील.
रेडिओ म्हणतो, या समुद्राच्या पार पलीकडे
बेटांवर भाताची खाचरं तडकलीत,
जंगलं धुमसतायत.
धाकटी विचारते, "मग हे पाणी त्यांचं?"
"जाळं धर," तो म्हणतो.
थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना:
"आटेलच म्हणा."

फ्लोरमिरा रोज पहाटे किनाऱ्यावर जाते,
समुद्रात कोपर बुडवून बघते,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.
अजून नाही.
पेटी अजून टेबलावरच आहे.
ते जेवतात तिच्या कडेकडेनं.